‘उलंगवाडी’ खोडण्याआधी

प्रिय पोरी,

तुझ्या कादंबरीची संपादकांकडून आलेली प्रुफं काल रात्री फोनवर मोठी करकरून वाचली. ‘वावर’चं ‘शेत’ झालंय, ‘पऱ्हाटी’ची ‘कपाशी’ झालीय आणि तुझी म्हातारी ‘काहून रे?’ ऐवजी ‘का रे?’ म्हणतेय. तिला कुणीतरी नवी कवळी बसवून आणलंय असं वाटलं.

‘भांडू की गप्प बसू?’ असं तू विचारतेस. माझ्या पहिल्या संग्रहाच्या वेळी मी गप्प बसले होते. कापसाची वेचणी संपली की वावर मोकळं होतं, नुसत्या पळाट्या, म्हणजे कापसाची वाळकी झाडं, उभ्या राहतात आणि गुरं आत सोडतात. त्याला आमची आजी ‘उलंगवाडी’ म्हणायची. पुस्तकात ‘हंगामाची अखेर’ छापून आलं. आजीला वाचून दाखवलं, तर ती म्हणाली, ‘हे कोन्या गावचं व?’ ते पान मी अजून उघडत नाही.

म्हणून तुला हिंदी कादंबरीकार कृष्णा सोबतींची गोष्ट सांगते. त्यांचा जन्म 1925 चा, गुजरातचा. आपलं गुजरात नव्हे, चिनाबकडचं, आता पाकिस्तानात असलेलं. फाळणीत ते सुटलं. 1952 मध्ये त्यांनी ‘चन्ना’ ही पहिली कादंबरी अलाहाबादच्या एका प्रेसकडे दिली. छपाई सुरू झाली, प्रुफं हातात आली आणि पाहतात तो पंजाबी-उर्दू शब्द काढून तिथे संस्कृत वळणाचे शब्द बसवलेले. त्यांनी तार केली, छपाई थांबवा. पुस्तक मागे घेतलं आणि छापलेल्या प्रती नष्ट करायला पैसेही स्वतःच मोजले. तेव्हा नावावर एकही कादंबरी नव्हती, हे ध्यानात घे. पहिली कादंबरी, आणि ती आपल्याच पैशांनी रद्दी करायची!

इथवर सगळे कौतुकाने सांगतात. मला पुढचं जास्त मोलाचं वाटतं. पुढे राजकमल प्रकाशनाच्या शीला संधू यांनी आग्रह धरला, म्हणून त्यांनी ते बाड पुन्हा काढलं आणि जवळजवळ नव्याने लिहिलं. 1979 मध्ये ‘जिंदगीनामा’ आलं आणि पुढच्या वर्षी त्याला साहित्य अकादमी मिळाली. म्हणजे दुसऱ्याने बदललेला एक शब्दही ज्यांना चालला नाही, त्यांनी स्वतः मात्र सगळं मोडून पुन्हा रचलं. मूळ ‘चन्ना’ शेवटी 2019 मध्ये छापून आली. त्याच वर्षी जानेवारीत त्या गेल्या.

आणि पंजाबी हा काही त्यांचा शिक्का नव्हता, बरं का. ‘मित्रो मरजानी’तली सून एकत्र कुटुंबात, सासूसमोर, आपल्या देहाची भूक बोलून दाखवते. ती भाषा त्या घरातल्या भांड्यांसारखी आदळते. ‘दिलो-दानिश’मध्ये जुनी दिल्ली आहे, वकीलसाहेब आहेत, मग वाक्यं अदबीने, उर्दूच्या चालीने चालतात. ‘ऐ लड़की’त तर अंथरुणाला खिळलेली आई आणि लग्न न केलेली मुलगी, बहुतेक सगळं नुसतं बोलणंच. प्रत्येक पुस्तकाला त्याची त्याची बोली. तुझ्या कादंबरीत शाळामास्तरही ‘काहून’ म्हणतो, तहसीलदारही म्हणतो. तो मास्तर नागपुरात शिकून आलाय ना? मग संपादकाने त्याच्या तोंडचं ‘काहून’ काढलं असेल, तर त्यात तुझंही थोडं चुकलंय.

हट्टाला दुसरी बाजूही असते. पंजाबी लेखिका अमृता प्रीतम यांच्या एका पुस्तकाच्या नावात ‘ज़िंदगीनामा’ हा शब्द आला, म्हणून सोबतींनी 1984 मध्ये त्यांच्यावर दावा लावला. अमृताजी 2005 मध्ये गेल्या, तरी खटला चालूच. 2011 मध्ये निकाल लागला तो सोबतींच्या विरोधात. वास्तविक गुरू गोविंदसिंगांच्या दरबारातले कवी भाई नंदलाल ‘गोया’ यांचा त्याच नावाचा फारसी ग्रंथ कितीतरी आधीचा. माझं म्हणशील तर ‘चन्ना’साठी मोजलेले पैसे सार्थकी लागले, कोर्टात घातलेली वर्षं नाहीत. आपल्या वाक्यातला शब्द आपला असतो. तो जगात आणखी कुणी वापरला, तर वापरू द्यावा.

आता काम. प्रुफं कागदावर काढून घे. बदललेल्या प्रत्येक शब्दासमोर समासात लिही, हा कोणाच्या तोंडचा आणि त्या माणसाने दुसरा शब्द वापरला असता का. ‘पऱ्हाटी’ वाचकाला कळणार नाही असं ते म्हणत असतील, तर त्याच परिच्छेदात बोंडं फुटू दे, कळेल. शेवटी शब्दार्थांची यादी मात्र देऊ नकोस, ती शाळेच्या पुस्तकात शोभते. निवेदनातले पाच-दहा शब्द तू नुसते मिरवायला घातलेत, ते मला दिसलेत. ते आपण होऊन सोड. मग संपादकांना फोन कर. पत्र नको, फोनच, आणि आधी त्यांचं ऐकून घे. एवढं करूनही म्हातारीचं ‘काहून’ ते ठेवणार नसतील, तर करार घेऊन माझ्याकडे ये. पुस्तक मागे घ्यायचं झालं तर काय भरावं लागेल ते आधी बघू.

रविवारी मी घरीच आहे. ‘ऐ लड़की’ काढून ठेवलंय. मागच्या वेळी नेलेलं पुस्तक परत आणलंस तरच मिळेल.

तुझ्या,
बाई