चेक, शह आणि मात

प्रश्न असा आहे: ‘बँकेतला चेक, शर्टावरचे चेक्स आणि “जरा चेक कर” मधला चेक हा एकच शब्द आहे का? आणि त्याला मराठीत काय म्हणायचं?’

शब्द एकच. मराठीत काय म्हणायचं यासाठी स्वयंपाकघरात कान द्या असं सांगणार होतो, पण हल्ली तिथेही ‘भाजीत मीठ चेक कर’ ऐकू येतं. अहो, मीठ चाखतात! हिशेब तपासतात, नाडी पाहतात, नाणं वाजवून घेतात, नक्कल मूळ प्रतीशी ताडून बघतात. इतकी क्रियापदं माळ्यावर टाकून सगळीकडे एकच चेक फिरवायचा, याला काय म्हणावं? बँकेतल्याला धनादेश आहे, शर्टाला चौकडी आहे. चेक प्रजासत्ताकाचा इथे काडीचा संबंध नाही, ते त्या लोकांचं नाव. झालं उत्तर. आता खरी गंमत.

चेक म्हणजे शह. नुसता अर्थाने नव्हे, मुळात तोच शब्द! इराणात समोरच्याच्या राजावर मोहरा रोखला की ‘शाह!’ म्हणून त्याला सावध करायची रीत होती. हा ‘शाह’ अरबांबरोबर युरोपात गेला, लॅटिनात त्याचा ‘स्काकुस’ झाला, जुन्या फ्रेंचमध्ये ‘एशेक’ आणि इंग्रजांनी पुढचा ‘ए’ गिळून त्याचा ‘चेक’ केला. त्याच फ्रेंच शब्दाच्या अनेकवचनातून ‘चेस’ निघाला. म्हणजे चेस खेळणारा इंग्रज मुळात ‘राजे’ खेळत असतो. आपलं ‘बुद्धिबळ’ या सगळ्या वंशावळीपासून अलिप्त राहिलं, ते बरंच झालं.

शह बसला की राजाला मनासारखं हलता येत नाही. म्हणून इंग्रजीत चेकचा जुना अर्थ रोखणं, लगाम घालणं. तपासणं हा अर्थ सतराव्या शतकाच्या आसपासचा: लबाडीला आळा घालायचा तर कागद ताडून पाहायलाच हवा. मराठी ‘शह’ आधीच्या स्टेशनावर उतरला आणि तिथे ‘काटशह’ घेऊन सुखाने नांदतोय. इथे ‘शहानिशा’लाही ओढून आणायचा मोह होतो, पण आवरतो. कानाला सारखं लागलं म्हणजे नातं जुळलं, असं मानणाऱ्यांशी तर माझं जन्माचं वैर आहे.

आणि एक्सचेकर! ब्रिटनचा अर्थमंत्री आजही ‘चान्सलर ऑफ द एक्सचेकर’, म्हणजे शब्दशः बुद्धिबळाच्या पटाचा अधिकारी. इंग्लंडचा राजा दुसरा हेन्री याचा खजिनदार रिचर्ड फिट्झनील याने ११७० च्या दशकाच्या अखेरीस एक्सचेकर या राजाच्या हिशेबखात्याच्या कारभारावर गुरू-शिष्याच्या संवादातून एक ग्रंथ लिहिला. त्यातलं टेबल दहा फूट लांब, पाच फूट रुंद, कडेला चार बोटं उंच काठ, वर रेघा आखलेलं काळं कापड. रोमन आकड्यांत बेरीज करायची म्हणजे शिक्षाच. त्यापेक्षा पेन्स, शिलिंग, पौंड असे रकाने पाडून त्यांत सोंगट्या मांडायच्या. शिष्य विचारतो, याला हे नाव का? गुरू म्हणतो, पटासारखं दिसतं म्हणून, आणि इथेही लढाई चालते: एकीकडे खजिनदार, दुसरीकडे हिशेब द्यायला आलेला शेरीफ, म्हणजे परगण्यातला राजाचा वसुली अधिकारी. व्युत्पत्ती सांगावी तर अशी, टेबलाशी बसलेल्या माणसाने! याच खात्याच्या हिशेबाच्या जुन्या लाकडी खाचपट्ट्या १६ ऑक्टोबर १८३४ ला लंडनच्या संसदेच्या भट्टीत जाळायला घेतल्या आणि त्यात संसदच जळाली. विषयांतर आहे, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही.

बँकेतला चेक म्हणजे आधी स्थळप्रत होती, खोटा कागद पकडायला जिच्याशी ताडून पाहता येई ती. पुढे ते नाव फाडून दिलेल्या कागदाला चिकटलं. शेवटी ‘क्यूयूई’ लावायची ब्रिटिश हौस त्या एक्सचेकरच्या प्रभावातली. म्हणून अमेरिकेतल्या पुतण्याच्या ‘सीके’ला अशुद्ध म्हणणाऱ्या काकांना नम्र निवेदन: जुनं स्पेलिंग त्याचं आहे, तुमचं नाही.

आता चेकमेट. ‘शाह मात’चा अर्थ ‘राजा मेला’ असा जो तो ठोकून देतो. अरबीत ‘माता’ म्हणजे मेला, हे खरं. स्कीटसारख्या जाड्या कोशकारानेही तेच छापलं. पण साहेबांनी पट नीट पाहिला असता तर? बुद्धिबळात राजा मरतच नाही. त्याला कोणी मारत नाही, पटावरून उचलत नाही. तो कोंडला जातो आणि डाव संपतो. फारसी ‘मात’ म्हणजे हतबल, चकित, काही सुचेनासा झालेला. तोच अर्थ पटाला शोभतो. आपणही ‘आजारावर मात केली’ म्हणतो, तेव्हा आजार मेला असं थोडंच म्हणतो?

आणि वृत्तवाहिन्या! दर दोन दिवसांनी कोणीतरी कोणाला ‘चेकमेट’ देतं आणि संध्याकाळी समोरचा त्यावर ‘पलटवार’ करतो. मात झाल्यावर पलटवार कसला? तो शह होता, नुसता शह! अडीच हजार वर्षं मागे जायला नको, गल्लीतल्या पोराला विचारा.

मागे जायचंच असेल तर इराणातल्या बेहिस्तूनच्या कड्यापर्यंत जा. इसवी सनापूर्वी ५२० च्या सुमारास इराणी सम्राट दारयवहूने (इंग्रजीतला डरायस) तिथे स्वतःला ‘ख्शायथिय ख्शायथियानाम्’, राजांचा राजा, असं कोरून घेतलं. त्यातूनच ‘शाह’ झिजून उरला आणि ‘शहेनशहा’ही. शेवटचं ‘-आनाम्’ ऐकलंत? देवानाम्, जनानाम्, तीच षष्ठी! लगेच ‘म्हणजे शाह संस्कृतातून आला’ म्हणून पत्रं पाठवू नका. आला नाही. संस्कृत ‘क्षत्र’ हा त्याचा चुलतभाऊ, बाप नव्हे.

शर्टाचं राहिलंच की. पटावरच्या घरांसारख्या चौकटी, म्हणून चेक्स.