जपानमधल्या साध्या रामेनच्या, म्हणजे रश्श्यातल्या नूडल्सच्या, दुकानात पहिल्यांदा जेवायला जाताना काय माहीत असावं?

दारात तिकिटाचं मशीन दिसलं तर थेट जाऊन बसू नका. पैसे टाका, बटण दाबा, निघालेली चिठ्ठी काउंटरवर द्या. झाली ऑर्डर. जपानी वाचता येत नसेल तर वरच्या डाव्या कोपऱ्यातलं बटण दाबा. बहुतेक ठिकाणी दुकानाचं मुख्य रामेन तिथेच असतं. हजार येनच्या सुट्या नोटा जवळ ठेवा. जुलै २०२४ मध्ये नव्या नोटा आल्या आणि काही जुनी मशीन त्या घेत नाहीत.

वाडगा समोर आला की गप्पा बाजूला ठेवायच्या. हाकाता (फुकुओका शहरातला भाग) पद्धतीच्या नूडल्स बारीक असतात, गरम रश्श्यात पटकन मऊ पडतात. म्हणून तिथे आधीच विचारतात, किती कडक हव्यात? ‘कातामे’ म्हणजे जरा कडक. मी तेच सांगतो. नूडल्स संपल्या की उरलेल्या रश्श्यात ‘काएदामा’, म्हणजे फक्त नूडल्स, पुन्हा मागवता येतात. तेव्हा रस्सा आधीच संपवून बसू नका! सुर्र आवाज करत ओढून खा, कोणी वळून बघत नाही. टिप द्यायची नसते.

शाकाहारी असाल तर मात्र नुसतं वरचं मांस काढायला सांगून भागत नाही. तोन्कोत्सूचा रस्सा डुकराची हाडं तासन् तास उकळून होतो. शोयू (सोया सॉस), मिसो (आंबवलेल्या सोयाबीनची पेस्ट) ही नावं सोज्वळ वाटली तरी खाली बहुधा कोंबडी, डुक्कर नाहीतर सुकी मासळी असतेच. टोकियो स्टेशनातलं ‘टीज तानतान’ पूर्ण व्हीगन आहे, पण ते तिकीट-गेटच्या आत आहे. गाडी बदलतानाच जाऊन या.