ई-सिगारेटची कॉइल घरी गुंडाळता येते का, आणि त्यासाठी कोणती तार घ्यावी?

ब्रिटनमध्ये 1 जून 2025 पासून डिस्पोजेबल (वापरून फेकायच्या) वेपच्या, म्हणजे ई-सिगारेटच्या, विक्रीवर बंदी आल्यानंतर तुम्ही पॉड (पुन्हा भरता येणारी छोटी ई-सिगारेट) वापरू लागलात, पण तयार कॉइलचा, म्हणजे लिक्विड तापवून वाफ करणाऱ्या तारेच्या वेटोळ्याचा, खर्च अंगावर येतो, म्हणून भारतातून आणलेली नायक्रोम तार घरी गुंडाळून त्या पॉडमध्येच बसवता येईल का, आणि सुट्टीत पुण्याला जाताना हे सामान सोबत नेता येईल का, असे तुम्ही विचारले आहे. मीही ब्रिटनमध्येच राहतो आणि सिगारेट सोडल्यापासून माझ्या कॉइल मीच गुंडाळतो. माझे थोडक्यात उत्तर असे की कॉइल घरी नक्की होते, परंतु तुमच्या पॉडमध्ये ती बसवू नये, आणलेली तारही वापरू नये, आणि हे सामान पुण्याला नेण्याचा विचार तर सोडूनच द्यावा. तार गुंडाळणे हा या कामातला सर्वांत सोपा भाग आहे. खरे काम मोजणीचे आणि कापसाचे, म्हणजे कॉइलपर्यंत लिक्विड पोचवणाऱ्या वातीचे, आहे.

पॉडची कॉइल बंद डबीत येते. ती उकलून पुन्हा भरणारे हौशी लोक आहेत, पण त्या डबीत तारेचे टोक कुठे टेकते आहे हे नीट दिसत नाही, आणि जे दिसत नाही ते तपासताही येत नाही. त्याऐवजी आरटीए नावाची, स्वतः कॉइल बसवता येणारी लिक्विडची टाकी घ्यावी. तिच्या तळाशी डेक (कॉइल बसवायची चकती) असतो, डेकवर दोन पोस्ट (छोटे खांब) असतात आणि तारेची टोके त्यांत स्क्रूने आवळता येतात. तिच्यासोबत नियंत्रित मॉड (टाकीला वीज देणारा बॅटरीचा डबा) घ्यावा, म्हणजे कॉइलचा रोध (विजेला होणारा अडथळा) स्वतः मोजणारा आणि शॉर्ट झाल्यास वीज तोडणारा. मेकॅनिकल मॉडमध्ये बॅटरी आणि कॉइल यांच्यामध्ये बटणाखेरीज काहीच नसते. 2018 मध्ये फ्लोरिडात आणि 2019 मध्ये टेक्ससमध्ये वेप फुटून माणसे दगावली, तेव्हा या प्रकाराचीच चर्चा झाली होती. नवशिक्याने त्याच्या वाटेला जाऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे.

आता तारेविषयी. नायक्रोम म्हणजे आपल्याकडच्या विजेच्या शेगडीतल्या स्प्रिंगचाच धातू, त्यामुळे तुमचा विचार मुळात चुकीचा नाही. अडचण जाडीची आहे. भारतात तार बहुधा एसडब्ल्यूजी या ब्रिटिश जाडीच्या मापाने विकली जाते, तर वेपची सगळी गणिते एडब्ल्यूजी या अमेरिकन मापाने केलेली असतात. एडब्ल्यूजी 28 म्हणजे 0.32 मिलिमीटर आणि एसडब्ल्यूजी 28 म्हणजे 0.376 मिलिमीटर. आकडा एकच, पण अडीच मिलिमीटर व्यासावर सहा वेढे घेतले तर पहिल्या तारेचा रोध साधारण 0.85 ओहम येतो आणि दुसरीचा 0.63. शिवाय रिळावर मिश्रधातूचे प्रमाण लिहिलेले नसेल, किंवा तारेवर गंज रोखणारा लेप असेल, तर त्या तारेची वाफ फुप्फुसात घेण्याचे काही कारण नाही. नायक्रोम 80 मध्ये सुमारे 80 टक्के निकेल असते, म्हणून खोट्या दागिन्यांनी ज्यांच्या अंगावर पुरळ उठते त्यांनी नायक्रोमपासून दूरच राहावे.

सुरुवातीला कांथल ए1 घ्यावी. लोखंड, क्रोमियम आणि ॲल्युमिनियम यांचा हा मिश्रधातू मूळचा स्वीडनचा आहे. तो तापला की त्याच्या पृष्ठभागावर ॲल्युमिनियम ऑक्साइडचा पातळ थर धरतो आणि त्या थरातून वीज जात नाही, म्हणूनच वेढे एकमेकांना चिकटून असले तरी चालते. टायटॅनियम आणि शुद्ध निकेलच्या तारा तापमान-नियंत्रणाच्या मॉडसाठी असतात. त्या कोरड्या लाल करून चालत नाही, त्यामुळे सध्या त्यांच्या फंदात पडू नका.

एडब्ल्यूजी 28 ची कांथल ए1 एका मीटरला सुमारे 18 ओहम देते. अडीच मिलिमीटरच्या ड्रिल बिटवर सहा वेढे आणि दोन्ही बाजूंना पाच-पाच मिलिमीटरची टोके धरली तर साधारण 63 मिलिमीटर तार लागते आणि रोध 1.1 ओहमच्या आसपास येतो. पूर्ण चार्ज झालेली बॅटरी 4.2 व्होल्ट देते. 4.2 ला 1.1 ने भागले की चार अँपिअरच्या आत प्रवाह आणि सुमारे 16 वॅट शक्ती निघते. सिगारेटसारखा आधी तोंडात धूर घेऊन ओढणाऱ्याला एवढे पुरते. मॉडमध्ये घालायच्या चांगल्या 18650 मापाच्या बॅटऱ्या 20 अँपिअरपर्यंत सलग प्रवाह देतात, म्हणजे हाताशी भरपूर फरक राहतो. मात्र हेच गणित 0.1 ओहमला केले तर 42 अँपिअर येतात. म्हणून किती धूर हवा यावरून नव्हे, तर बॅटरीला किती झेपेल यावरून कॉइल ठरवावी. अनोळखी कंपन्या वेष्टनावर कितीही मोठा अँपिअरचा आकडा छापतात, त्यावर विसंबू नये.

गुंडाळताना तार ताणून धरावी, वेढे सरळ येतात. टोके पोस्टमध्ये आवळल्यावर बाहेर उरलेला तुकडा अगदी लगत कापावा, कारण तो टाकीच्या भिंतीला टेकला की शॉर्ट झालाच. रोध मॉडवर किंवा ओहम मीटरवर तपासावा. साध्या मल्टिमीटरच्या वायरींचाच रोध कधी 0.2 ओहम असतो, तेव्हा आधी दोन्ही टोके एकमेकांना टेकवून येणारा आकडा वजा करावा. त्यानंतर कापूस न घालता कमी वॅटवर बटण क्षणभर दाबून सोडावे. कॉइल मधल्या वेढ्यापासून बाहेरच्या बाजूंना सारखी लाल होत गेली पाहिजे. एखादाच वेढा आधी पेटला तर बटण सोडून सिरॅमिकच्या चिमट्याने वेढे हलके घासावेत आणि पुन्हा पाहावे. चिमटा धातूचा असेल तर बटण दाबलेले असताना तो कॉइलला लावू नये.

इथपर्यंत सगळे सुरळीत होते, आणि कापसापाशी बहुतेकांचे घोडे पेंड खाते. ब्लीच न केलेला कापूस घ्यावा, त्याची सारख्या जाडीची वात करावी आणि ती कॉइलमधून ओढून पाहावी. ओढताना किंचित अडली पाहिजे, पण कॉइल जागची हलता कामा नये. कापूस लिक्विडने फुगतो, म्हणून कोरडेपणी ठासून भरलेली वात पुढे लिक्विड वर चढू देत नाही, वेढ्यांपाशी कापूस कोरडा पडतो, आणि घशाला करपट, जळका झटका बसतो. हा झटका नुसता चवीचा प्रश्न नाही. जास्त तापलेल्या ग्लिसरिनपासून ॲक्रोलिन आणि फॉर्माल्डिहाइड तयार होतात, तेव्हा तो जाणवताच थांबून वात बदलावी. उलट वात फार सैल झाली तर हवेच्या छिद्रांतून लिक्विड गळते. वातीची टोके कातरून डेकच्या खाचांत नुसती ठेवावीत, दाबून भरू नयेत. त्यावर लिक्विडचे थेंब सोडून कापूस पूर्ण ओला दिसला की मगच टाकी भरावी. कापूस करपट दिसू लागला की बदलावा. कॉइल मात्र कापूस काढून, लाल करून आणि गार झाल्यावर पाण्याखाली धुऊन पुन्हा वापरता येते. खरी बचत इथेच होते. एका रिळात इतक्या कॉइल होतात की तारेचा खर्च हिशेबात धरण्यासारखा राहत नाही.

तुमच्या पॉडमध्ये दर मिलिलिटरला 20 मिलिग्रॅमचे निकोटिन सॉल्ट (निकोटिनचा एक प्रकार) असावे, कारण ब्रिटनमध्ये तीच वरची मर्यादा आहे. वर सांगितलेल्या कॉइलवर ते कमी वॅटवर चालू शकेल, पण पुढे रोध खाली आणून वॅट वाढवलेत तर वाफेबरोबर निकोटिनही वाढते आणि डोके गरगरते. तशा कॉइलसाठी 3 मिलिग्रॅमचे लिक्विड घेतात. वेप सिगारेटपेक्षा कमी घातक असला तरी निरुपद्रवी नाही, तेव्हा निकोटिन हळूहळू खाली आणणे हेच धोरण ठेवा.

राहिला पुण्याचा प्रश्न. भारतात 2019 च्या कायद्याने ई-सिगारेटचे उत्पादन, आयात, वाहतूक, विक्री, साठवण आणि जाहिरात या सगळ्यांवर बंदी आहे, आणि लिक्विडमध्ये निकोटिन नसले तरी यंत्र त्या व्याख्येत बसते. आयातीच्या पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. एका टाकीसाठी विमानतळावर हात दाखवून अवलक्षण करून घेऊ नये. तेवढ्या दिवसांपुरता 2 मिलिग्रॅमचा निकोटिन गम पुण्यातल्या औषधाच्या दुकानात मिळतो.