बालगृहातल्या पहिल्या दिवसाआधी

साताऱ्यातील बालगृहात तुम्ही या रविवारी प्रथमच जाणार आहात, हे वाचून मनापासून आनंद झाला. अधीक्षकांची परवानगी आधीच घ्यावी. मुलांचे फोटो समाजमाध्यमांवर टाकू नयेत. २०१५ च्या बाल न्याय अधिनियमाचे कलम ७४ त्यांची ओळख प्रसिद्ध करण्यास मनाई करते. नवख्यांच्या हातून हमखास होणाऱ्या चुका दोन: "तुझे आईवडील कुठे असतात?" हा प्रश्न आणि निघताना सहज दिलेले "पुन्हा येईन" हे आश्वासन. माझ्या अशाच एका शब्दावर विसंबून तिसरीतला एक मुलगा पुढचे दोन रविवार चपला घालून फाटकापाशी बसून राहिला होता, हे मला फार उशिरा कळले. खाऊ वाटण्यापेक्षा त्यांच्या पंगतीला बसावे, एखाद्याचे पाढे ऐकावेत. उपक्रमांच्या नियोजनाविषयी तिसऱ्या-चौथ्या भेटीनंतर सविस्तर बोलू.