नवा ४के मॉनिटर मधूनच काळा पडतो, रंगीत अक्षरं पुसट दिसतात: मॉनिटर परत करू की ग्राफिक्स कार्ड बदलू?

इतक्यात दोन्ही करू नका.

तुमची तक्रार मला समजली ती अशी. कोपरखैरण्याला घरीच असेंबल केलेला पीसी, आय५ १०४०० प्रोसेसर, ओळखीतून घेतलेलं वापरलेलं जीटीएक्स १०६० ग्राफिक्स कार्ड आणि नवा कोरा २७ इंची ४के मॉनिटर. पहिल्यांदा एचडीएमआय केबलने जोडला तेव्हा ३० हर्ट्झच्या (म्हणजे सेकंदाला ३० चित्रांच्या) वर पर्यायच येईना आणि माउस चिखलातून चालल्यासारखा चालत होता. केबल दुसऱ्या पोर्टात लावल्यावर ६० मिळाले, पण लाल-निळी अक्षरं फिसकटलेली दिसू लागली आणि दिवसातून चार-पाचदा पडदा दोन सेकंद काळा पडतो. डिस्प्लेपोर्टने, म्हणजे एचडीएमआयऐवजी मॉनिटरच्या दुसऱ्या प्रकारच्या केबलने, जोडलं तर विंडोज येईपर्यंत काहीच दिसत नाही. मॉनिटरवाला म्हणतो कार्ड गेलंय, कार्डवाला म्हणतो मॉनिटर गेलाय.

मी ठाण्यात, नौपाड्यात, डीटीपीची, म्हणजे छपाईची पानं लावायची, कामं करतो. गणपती झाले की दिवाळी अंकांची पानं सुरू होतात, त्या आधी म्हणून मीही एकदा असाच ४के मॉनिटर घेतला होता आणि तोही असाच काळा पडायचा. मी काय केलं? मॉनिटर खोक्यात भरला आणि ते एवढं मोठं खोकं घेऊन दुपारच्या लोकलने दादर, दादरला जिने चढून पश्चिम रेल्वे, मग ग्रँट रोड, असा लॅमिंग्टन रोडच्या कॉम्प्युटर बाजारात पोचलो. दुकानदाराने काही न बोलता बदलून दिला. घरी आणून लावला, तर पहिल्या तासात तोही काळा पडला. खांदा आठवडाभर दुखत होता. शेवटी दोष निघाला मी फुकट मिळाली म्हणून वापरत असलेल्या केबलचा. म्हणून हे इतकं सविस्तर लिहितोय.

आमच्या ठाण्याचा घोडबंदर रोड कितीही रुंद केला तरी गायमुखच्या घाटात सगळ्यांना एकामागे एक यावं लागतं. इथेही तसंच. कार्ड, कार्डाचं पोर्ट, केबल, मॉनिटरचं पोर्ट, यांतलं जे सगळ्यात अरुंद, तेवढंच चित्र पलीकडे पोचतं. ४के म्हणजे ३८४० गुणिले २१६०, जवळपास ८३ लाख ठिपके. प्रत्येकाला २४ बिट रंग, सेकंदाला ६० वेळा, आणि दोन चित्रांमधली मोकळी जागा धरली तर सेकंदाला साधारण १४.२६ गिगाबिट माल होतो. जुन्या एचडीएमआय १.४ ची क्षमता कागदावर १०.२, पण चित्रासाठी प्रत्यक्षात उरतात ८.१६. म्हणजे निम्म्याहून थोडं जास्त. २०१३ मध्ये आलेल्या एचडीएमआय २.० ची क्षमता १८, त्यातले १४.४ वापरात. १४.२६ विरुद्ध १४.४. सकाळच्या फास्ट लोकलमध्ये शेवटचा माणूस दारात जेमतेम पाय टेकवतो, तितकाच फरक!

आता तुमच्या ३० हर्ट्झकडे बघा. कॅबिनेटच्या मागे वरच्या बाजूला, यूएसबीच्या जवळ जी एचडीएमआय असते ती मदरबोर्डची, म्हणजे पीसीच्या मुख्य सर्किट बोर्डाची. खाली आडव्या पट्टीत असतात ती कार्डाची. तुम्ही पहिल्यांदा वरच्या पोर्टात केबल लावलीत, हे मी जवळपास खात्रीने सांगतो, कारण १०४०० मधलं इंटेलचं आतलं ग्राफिक्स एचडीएमआयवरून ४के सहसा ३० हर्ट्झलाच देतं. काही मदरबोर्डांवर कार्ड बसवलं की वरचं पोर्ट बंदच पडतं आणि माणसाला चूक लगेच कळते. तुमचं चालू राहिलं, त्यामुळे कळली नाही. तपासायचं असेल तर सेटिंग्जमध्ये सिस्टीम, त्यात डिस्प्ले, त्यात अ‍ॅडव्हान्स्ड डिस्प्ले उघडा. मॉनिटर कोणत्या ग्राफिक्सला जोडलाय, किती हर्ट्झवर चाललाय आणि रंग कोणत्या पद्धतीने जातोय, हे तिथे दिसतं. हे पान आधी उघडलं असतं तर माझी ग्रँट रोडची वारी वाचली असती की नाही माहीत नाही, पण निदान खोकं उचलण्याआधी विचार केला असता.

त्याच पानावर तुमच्या पुसट अक्षरांचंही उत्तर आहे. रंगाच्या ओळीत ‘आरजीबी’ (प्रत्येक ठिपक्याचा पूर्ण रंग) असेल तर ठीक. ‘वायसीबीसीआर ४२०’ असं काही असेल तर कार्डाने जागा पुरत नाही म्हणून रंगात काटकसर केली आहे. या पद्धतीत प्रत्येक ठिपक्याचा उजेड वेगळा जातो, पण रंग मात्र चार ठिपक्यांत मिळून एकच. त्यामुळे माल निम्मा होतो आणि जुन्या रस्त्यावरूनही ६० हर्ट्झ जातात. सिनेमा बघताना हे कोणाच्या लक्षातही येत नाही. पण पांढऱ्यावर लाल मजकूर, त्यातही आपली देवनागरी! इंग्रजी अक्षर एकवेळ निभावून नेतं, आपल्याकडे अनुस्वार, रफार, जोडाक्षरातलं अर्धं अक्षर, सगळं दोन-तीन ठिपक्यांच्या जाडीत बसवलेलं असतं. माझी चाचणी अशी: कोऱ्या पानावर लाल रंगात ‘कार्त्स्न्य’ हा शब्द बारीक आकारात टाइप करायचा आणि शेजारी तोच काळ्या रंगात. काळा स्वच्छ आणि लाल माखलेला दिसला, तर डोळ्यांचा नंबर तपासायला जायची गरज नाही, रंग कापला जातोय.

यावर उपाय बहुतेक वेळा मॉनिटरच्याच मेनूत असतो. त्याच्या बटणांनी मेनू उघडा आणि इनपुटच्या सेटिंगमध्ये एचडीएमआयची आवृत्ती निवडायची सोय आहे का बघा. कोणी तिथे १.४ आणि २.० असं सरळ लिहितं, कोणी ‘अल्ट्रा एचडी’, ‘डीप कलर’ अशी नावं देतं. जुनी उपकरणं चालावीत म्हणून काही मॉनिटर कारखान्यातून खालच्या आवृत्तीवर लावून पाठवतात. ती वरची करा, मग एनव्हिडियाच्या कंट्रोल पॅनेलमध्ये आउटपुटचा रंग आरजीबी आणि रेंज ‘फुल’ करा. रेंज ‘लिमिटेड’ राहिली तर काळा रंग राखाडी दिसतो, कारण कार्ड मॉनिटरला टीव्ही समजतं. आणि हौसेने एचडीआर (जास्त उजळ आणि जास्त गडद चित्राची सोय) चालू केलं असेल तर ते बंद करून बघा. वर म्हटलं तसं, २.० मध्ये जागा जेमतेम आहे. १० बिट रंग मागितला की तो मावत नाही आणि काटकसर पुन्हा सुरू.

आता काळं पडणं. पूर्वी अँटेना हलला की टीव्हीवर मुंग्या यायच्या, पण मुंग्यांमागे बातम्या दिसत राहायच्या. डिजिटल केबलचं तसं नसतं. चुका थोड्या असतील तर कुठेतरी पांढरे ठिपके चमकून जातात, वाढल्या की मॉनिटरची पकडच सुटते, पडदा काळा होतो आणि दोन सेकंदांत कार्ड आणि मॉनिटर पुन्हा बोलणी करून चित्र आणतात. तुमचं वर्णन अगदी हेच आहे. ३० हर्ट्झवर हीच केबल बहुतेक दिवसभर नीट चालेल, कारण आरजीबी ६० च्या मानाने तिथे ओझं निम्मं असतं. करून बघा, हीच सगळ्यात स्वस्त चाचणी. ३० वर एकदाही काळं पडलं नाही आणि आरजीबी ६० वर पडलं, तर केबल बदला.

केबल घेताना पाकिटावरच्या ‘४के’ या शब्दाला काही किंमत देऊ नका, तो हल्ली सगळ्यांवर असतो. ‘प्रीमियम हाय स्पीड’ किंवा ‘अल्ट्रा हाय स्पीड’ असं लिहिलेली आणि पाकिटावर तपासता येईल असं क्यूआर कोडचं लेबल असलेली घ्या. लांबी दीड-दोन मीटरपेक्षा जास्त नको. पाच मीटरची केबल टेबलामागे गुंडाळून ठेवण्यात काय मिळतं मला कळत नाही. मॉनिटर भिंतीला टेकवला असेल तर केबलची मान मुरगळलेली नाही ना, तेही बघा.

एक गोष्ट मात्र तुम्ही लिहिलेली नाही, म्हणून विचारतो. काळं पडतं ते ठरावीक वेळी पडतं का? आमची इमारत जुनी आहे. केबल बदलल्यावर माझं काळं पडणं जवळजवळ थांबलं, पण रोज सकाळी एकदा व्हायचंच. दोन आठवड्यांनी लक्षात आलं की वॉचमन पाण्याची मोटर लावतो तेव्हाच होतं. पंख्याचं, ट्यूबलाइटचं बटण दाबल्यावरही असं होऊ शकतं. विजेचा तो झटका हवेतून किंवा वायरिंगमधून केबलवर उमटतो. खुर्चीतून उठल्यावर पडदा काळा पडतो असं कोणी सांगितलं तर तुम्ही हसाल, पण यूएसबीवरून मॉनिटर जोडायचं तंत्रज्ञान बनवणाऱ्या डिस्प्लेलिंक या कंपनीने आपल्या माहितीत तसं लिहूनच ठेवलंय: गॅसवर वरखाली होणाऱ्या ऑफिसच्या खुर्च्यांमुळे असा झटका निर्माण होतो आणि व्हिडिओ केबल तो पकडते. माझ्याकडे इलेक्ट्रिशियनला बोलावून बोर्डाचं अर्थिंग तपासलं, तर तिसऱ्या पिनला वायरच जोडलेली नव्हती. कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर मॉनिटरचं नंतर बघा, हे आधी करून घ्या.

राहिला डिस्प्लेपोर्ट. विंडोज येईपर्यंत अंधार, ही तुमच्या कार्डाच्या पिढीची माहीत असलेली अडचण आहे. डिस्प्लेपोर्ट १.३ आणि १.४ चे मॉनिटर जोडले की जीटीएक्स ९०० आणि १००० मालिकेतली काही कार्डं सुरुवातीला चित्रच देत नाहीत. कार्ड बनवणाऱ्या एनव्हिडियाने २०१८ मध्ये यासाठी फर्मवेअर, म्हणजे कार्डाच्या आतलं कायमचं सॉफ्टवेअर, अपडेट करायचं छोटं टूल काढलं. त्यांच्याच साइटवरून घ्या, दुसरीकडून नको. मॉनिटर कार्डाच्या एचडीएमआयला जोडून पीसी चालू करा आणि ते चालवा. तुमच्या कार्डाला गरज आहे का हे ते स्वतःच तपासतं. फक्त मध्ये लाइट जाता कामा नये, तेव्हा यूपीएस नसेल तर कोणाचा तरी दोन तासांसाठी मागून आणा. हे झाल्यावर डिस्प्लेपोर्टच कायमचा वापरा असं मी म्हणेन. त्याच्या १.२ आवृत्तीतही १७.२८ गिगाबिट वापरात असतात, श्वास घ्यायला जागा राहते. केबल मात्र अगदी भुक्कड घेऊ नका. काही स्वस्त केबलींत विसावी पिन दोन्ही टोकांना जोडलेली असते, ती जोडलेली नसायला हवी. ती जोडलेली असली की मॉनिटरकडून वीज उलटी कार्डात येते आणि पीसी सुरू व्हायलाच कुरकुर करतो.

ड्रायव्हर, म्हणजे विंडोजमधून कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर, पूर्ण काढून नव्याने टाकायचा सल्ला तुम्हाला चार जणांनी दिला असेल. करून बघायला हरकत नाही, पण ते शेवटी. आणि पावसाळ्यात एचडीएमआयवरही काहीच दिसेनासं झालं तर रॅम काढून तिच्या सोनेरी पट्ट्या खोडरबरने हलक्या हाताने पुसा. ‘कार्बन आलाय’ असं दुकानातली मुलं म्हणतात ते हेच.

एका वेळी एकच गोष्ट बदला, आणि प्रत्येक वेळी निदान अर्धा दिवस वापरून बघा. घरात ४के टीव्ही असेल तर तीच केबल आणि तेच कार्ड त्याला लावा. तिथेही काळं पडलं तर मॉनिटर सुटला. टीव्हीवर दिवसभर नीट चाललं आणि नव्या केबलने, अर्थिंग ठीक असताना, मॉनिटर तरीही काळा पडला, तरच तो परत करा. तोवर खोकं आणि आतला थर्माकोल माळ्यावर जपून ठेवा, त्याशिवाय बदलून द्यायला दुकानदार कटकट करतात. आणि न्यायचाच झाला तर रिक्षा-टॅक्सी करा, दादरच्या जिन्यांवरून नेऊ नका.