भिंतीवरचे बोर्ड आणि पावसाचे पाणी: वाचकांचे प्रश्न

घराच्या बाहेरच्या भिंतीला बोर्ड किंवा पॅनल लावण्याबद्दल बरेच प्रश्न आले आहेत. इथे चार घेतले आहेत. पहिल्याचे उत्तर लांबले आहे, कारण बाकीच्या उत्तरांचा पाया तोच आहे.

प्रश्न (चिपळूण): आमचे घर जांभ्याचे आहे. पश्चिमेची भिंत दर पावसाळ्यात आतून ओली होते. मिस्त्री म्हणतो, फायबर सिमेंटचे बोर्ड थेट भिंतीला ठोकू आणि चारी कडा सिलिकॉनने बंद करू. करावे का?

बोर्ड लावा, पण थेट ठोकू नका आणि चारी कडा तर मुळीच बंद करू नका.

पश्चिमेचा पाऊस वाऱ्याबरोबर आडवा येतो. कितीही चांगले सीलंट भरले तरी दोन-चार वर्षांत कुठे ना कुठे केसाएवढी फट पडते आणि पाणी आत जाते. कडा बंद असतील तर ते तिथेच अडकून राहते आणि जांभा ते शोषून घेतो. म्हणजे आज आहे त्यापेक्षा भिंत जास्त ओली. म्हणून आत आलेल्या पाण्याला खाली उतरायला आणि भिंतीला सुकायला जागा ठेवायची. कोकणात पडवीला झापं (नारळाच्या झावळ्यांचे विणलेले पडदे) बांधतात तेव्हा ती भिंतीला चिकटवून बांधत नाहीत, मधून वारा खेळतो. इथेही तेच करायचे आहे.

भिंतीवर सेक्शन (ज्यावर बोर्ड स्क्रूने बसवतात त्या धातूच्या पट्ट्या) उभे लावा. आडव्या सेक्शनवर पाणी अडते. भिंत आणि बोर्ड यांत साधारण २५ मिमी पोकळी राहू द्या. खालची कड उघडी ठेवा, फक्त किडे-उंदीर जाऊ नयेत म्हणून बारीक जाळी मारा. वर छज्ज्याखालीही हवा जायला फट हवी. बोर्डाची खालची कड जमिनीपासून किमान १५० मिमी वर असावी, नाहीतर उडणारे शिंतोडे कड खाऊन टाकतात. सेक्शनमधले अंतर बोर्डाच्या कंपनीने वाऱ्यासाठी दिलेल्या तक्त्यावरून घ्या. मिस्त्रीच्या अंदाजावर सोडू नका.

जांभ्यात साधा प्लग नीट धरत नाही. भोक चिऱ्याच्या मध्यावर घ्या, सांध्यात नको. ड्रिलचा हॅमर बंद ठेवा, कारण ठोक्यांनी भोकाच्या कडा ढासळतात. लांब फ्रेम अँकर (लांब प्लगसह येणारा स्क्रू) वापरा. कामाच्या आधी एक अँकर बसवून पकडीने जोर लावून ओढून बघा. तो हलला तर केमिकल अँकरशिवाय (भोकात चिकट रसायन भरून बसवायचा अँकर) पर्याय नाही.

मात्र ओल जमिनीपासून कमरेपर्यंतच चढत असेल आणि वरची भिंत कोरडी असेल, तर ते पाणी पावसाच्या माऱ्याचे नाही, पायातून येणारे आहे. बोर्डाने ते थांबणार नाही. आधी अंगणाचा उतार घरापासून बाहेर करून घ्या.

प्रश्न (पुणे): गेल्या वर्षी १० मिमीचे बोर्ड लावले. सांधे पांढऱ्या सिमेंटने आणि पुट्टीने भरून वर रंग दिला. आता प्रत्येक सांध्यावर उभी चीर आली आहे. कोणते सीलंट भरू?

बोर्ड ओलाव्याने किंचित फुगतो, उन्हाने सुकला की आकसतो. पुट्टी ताणली जात नाही, म्हणून चिरते. आधी ती पूर्ण काढा. तिच्यावरून सीलंट फिरवले तर तेही सुटेल.

रंग द्यायचा असेल तर पीयू (पॉलियुरेथेन) सीलंट घ्या, कारण सिलिकॉनवर रंग धरत नाही. रंग नकोच असेल तर न्यूट्रल सिलिकॉन चालेल. ज्याला व्हिनेगरसारखा वास येतो ते सिलिकॉन काचेचे. सिमेंटवर ते नीट धरत नाही.

सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट पुढची. सीलंटने सांध्याच्या दोन बाजूच धरायला हव्यात. मागे सेक्शनलाही ते चिकटले तर तीन बाजूंनी ओढले जाऊन मधोमध फाटते. एरवी मागे बॅकर रॉड (फोमची गोल दोरी) दाबतात, पण १० मिमीच्या बोर्डात रॉड बसवला तर सीलंटला जागाच उरत नाही. म्हणून सेक्शनच्या तोंडावर पॉलिथिनची बाँड-ब्रेकर पट्टी चिकटवा, तिला सीलंट चिकटत नाही. सांधा ८ ते १० मिमी रुंद हवा. बोर्ड एकमेकांना टेकवून बसवले असतील तर कड कापून जागा करावी लागेल.

कापताना उडणारी धूळ फार घातक असते. त्यात सिलिका असते आणि ती फुफ्फुसात कायमची बसते. काम करणाऱ्या माणसाला एन-९५ मास्क तुम्ही स्वतः आणून द्या आणि पाणी मारत कापायला सांगा. तो 'सवय आहे' म्हणेल, तरी आग्रह धरा. कापलेली कड उघडी राहते, तिला प्रायमर लागलाच पाहिजे.

सीलंट भरताना दोन्ही कडांना मास्किंग टेप लावा, धूळ ब्रशने झाडा, बोर्ड हाताला पूर्ण कोरडा लागला पाहिजे. पाऊस ओसरल्यावर, भिंत सुकून गेली की सकाळी काम करा. मे महिन्यातल्या दुपारी बोर्ड तापलेला असतो, तेव्हा नको.

प्रश्न (अलिबाग): बोर्ड नवे आहेत, सांधे ठीक आहेत, तरी खिडकीच्या वरच्या कोपऱ्यातून पाणी येते. स्क्रूखाली गंजाचे ओघळही दिसतात.

खिडकीच्या वर पत्र्याची पट्टी नसणार. पोकळीतून उतरणारे पाणी सरळ चौकटीवर पडते. वरचा बोर्ड काढून ॲल्युमिनियमची पट्टी बसवा. तिची मागची कड भिंतीवर वर वळवलेली, पुढची कड खाली वाकवलेली आणि दोन्ही टोके खिडकीच्या बाहेरपर्यंत आलेली हवीत. पट्टी आणि बोर्ड यांच्यातली फट सीलंटने भरू नका. पाणी बाहेर पडण्याची तीच वाट आहे.

समुद्राजवळ स्क्रू ३१६ ग्रेडच्या स्टेनलेसचेच हवेत. गंजलेले बदला, ओघळांवर रंग फासू नका.

प्रश्न (न्यू जर्सी): इथे आमच्या लाकडी घराला व्हिनाइल साइडिंग (बाहेरून लावलेल्या प्लास्टिकच्या आडव्या पट्ट्या) आहे. पट्ट्या हलतात आणि वाऱ्यात खडखडतात. जिथे एक पट्टी दुसरीवर येते तिथे कॉक (फटी भरायचे सीलंट) भरून टाकू का?

नको. व्हिनाइल हलण्यासाठीच बनवलेले असते. साडेबारा फुटांची पट्टी हिवाळा आणि उन्हाळा मिळून अर्धा इंच लांब-आखूड होते. म्हणून खिळा लांबट भोकाच्या मध्यावर मारतात, तोही पूर्ण ठोकत नाहीत. पट्टी अडकवली की उन्हाळ्यात ती फुगून लाटा येतात. पट्टीच्या खालच्या कडेला बारीक भोके दिसतील, ती पाणी बाहेर जाण्यासाठी आहेत, तीही बुजवू नका. तुमच्याकडे पाणी खरे थांबवतो तो साइडिंगमागचा हाऊसरॅप, म्हणजे भिंतीला गुंडाळलेला पाणी अडवणारा पातळ कागदासारखा थर.

थोडा खडखडाट चालतो. एखादी पट्टी खालच्या पट्टीच्या खाचेतून सुटून लोंबत असेल तर झिप टूलने (पट्टी खाचेत ओढून बसवायचे आकड्यासारखे साधन) ती पुन्हा अडकवता येते. साधन स्वस्त आहे आणि काम काही मिनिटांचे. पण वादळानंतर सलग अनेक पट्ट्या सुटल्या असतील तर कारागिराला बोलावून मागचा हाऊसरॅप फाटला आहे का ते आधी बघून घ्या.