‘काका, पंच म्हणून येता का?’

प्रश्न : ताई, लालबागला माझं झेरॉक्सचं दुकान आहे. वय ५८. गेल्या महिन्यात दोन पोलीस दुकानात आले. एका पोरानं चोरीचे मोबाइल आमच्याच गल्लीतल्या चाळीत पोटमाळ्यावर लपवले होते आणि तो ते काढून द्यायला तयार झाला होता. ‘काका, पंच म्हणून येता का? अर्ध्या तासाचं काम आहे,’ असं त्यांनी विचारलं. मी गिऱ्हाइकांचं निमित्त सांगून टाळलं. तेव्हापासून मनाला लागून राहिलंय. बायको म्हणते, बरं केलंत, शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये. चोर पकडणं पोलिसांचं काम, शिक्षा देणं जज्जसाहेबांचं. त्यात माझ्यासारख्याचं काय? पुन्हा आले तर जावं का?
– एक वाचक, लालबाग

उत्तर : भाऊ, मनाला लागून राहिलंय हे वाचून बरं वाटलं. मी ३३ वर्षं पोलीस दलात काढली, त्यातली शेवटची सात मुद्देमाल कारकून, म्हणजे जप्त वस्तू सांभाळणारी म्हणून. पंच म्हणजे झडती-जप्ती स्वतः बघून पंचनाम्यावर सही करणारा साक्षीदार. त्याच्या सहीची किंमत मला त्या मुद्देमालाच्या खोलीत कळली.

तो पोरगा पोलिसांना म्हणाला असेल, ‘मोबाइल मीच चोरले.’ कोर्टात या वाक्याला काही किंमत नाही. पोलिसांपुढे दिलेली कबुली आपला कायदा पुरावा मानत नाही, आणि मानू नयेच. मारून, दटावून माणसाकडून काहीही वदवून घेता येतं. पण ‘मोबाइल माळ्यावर पिंपामागे ठेवलेत, चला दाखवतो’ असं तो म्हणाला आणि तिथे ते खरोखर निघाले, तर तेवढं बोलणं पुराव्यात येतं. आता तो हे बोलला, पिंपामागे हात त्यानंच घातला, पोलिसांनी आधी तिथे काही ठेवलं नव्हतं, हे सांगणार कोण? पोलिसांनी सांगितलं तर आरोपीचा वकील म्हणणार, काम तुमचं आणि साक्षीदारही तुम्हीच. म्हणून दोन पंच लागतात, त्याच भागातले, स्वतंत्र आणि प्रतिष्ठित. पंच पोलिसांचा माणूस नसतो. तो पोरगा निर्दोष असला, तर त्याच्या बाजूनं बघणारं दुसरं कोण असतं तिथे?

बाकी कामं वाटलेली असतात. ठाणे अंमलदार फिर्याद लिहून घेतो, तपास अधिकारी तपास करतो, सरकारी वकील खटला चालवतो. तो पोलिसांच्या हाताखाली नसतो, हे पुष्कळांना माहीत नसतं. माझं काम या सगळ्यांच्या मधलं. जप्त केलेली वस्तू कागदात गुंडाळायची, दोरा बांधायचा, लाखेचं सील करायचं आणि त्यावर पंचांच्या सह्यांचं लेबल. सोन्याची चेन असली तरी पंचनाम्यात ‘पिवळ्या धातूची’ असंच लिहायचं, कारण सोनं आहे की नाही ते आम्ही ठरवायचं नसतं. कलिन्याच्या न्यायवैद्यक प्रयोगशाळेत तपासणीसाठी पार्सल घेऊन मी कितीदा गेले असेन. तिथला माणूस आधी वस्तूकडे बघायचाच नाही. सील शाबूत आहे का ते बघायचा, मग पावती.

एक खटला मात्र अजून विसरता येत नाही. घरफोडी होती, एका विधवा बाईचे दागिने गेले होते. माल सापडला, आरोपीही खरा होता. पण पंचनामा करणाऱ्या अधिकाऱ्यानं पंचांना जागेवर नेलंच नव्हतं. नेहमीच्या दोन माणसांच्या सह्या पोलीस ठाण्यातच घेतल्या होत्या. उलटतपासणीत वकिलानं पहिल्या पंचाला विचारलं, घर कितव्या मजल्यावर होतं? तो म्हणाला, तळमजल्यावर. खोली तिसऱ्या मजल्यावरची होती. मी मुद्देमाल घेऊन कोर्टात बसले होते, मांडीवर ते पार्सल. आरोपी सुटला. त्या बाईला दागिने परत मिळाले, पण बाहेर व्हरांड्यात तिनं मला विचारलं, ‘मॅडम, मग चोरी केली कुणी?’ मला उत्तर देता आलं नाही. तुमच्यासारखी माणसं ‘गिऱ्हाईक आहे’ म्हणतात, तेव्हा असे नेहमीचे पंच शोधले जातात. तुमच्यावर राग नाही, भाऊ. पण हे तुम्हाला कळायला हवं म्हणून लिहिलं.

तेव्हा, पुन्हा बोलावलं तर जा, आणि डोळे उघडे ठेवून जा. जागेवर गेल्याशिवाय सही करायची नाही. कोऱ्या कागदावर तर मुळीच नाही, समोर कितीही मोठा साहेब असो. पंचनामा पूर्ण वाचा. तुम्ही पाहिलं नाही ते लिहिलं असेल तर खोडायला सांगा. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, म्हणजे तपास आणि खटला कसा चालवायचा याचा नवा कायदा, लागू झाली, तिच्यात झडती आणि जप्तीचं चित्रीकरण करायचं आहे. ते चालू आहे का, बिनधास्त विचारा. आणखी एक, पंचनाम्यावर तुमची सही लागते, पण पोलिसांनी तपासात घेतलेल्या जबाबावर साक्षीदाराची सही घ्यायची नसते. या दोन कागदांत गल्लत करू नका.

तुम्हाला तोंडी विचारलं होतं, त्यामुळे नाही म्हटल्याबद्दल काही होणार नाही. लेखी हुकूम हातात दिल्यावर सबळ कारणाशिवाय नकार दिला, तर मात्र तो गुन्हा ठरू शकतो.

कोर्टाचं म्हणाल, तर समन्स आल्याशिवाय जायचं नाही. तारीख दोन-चार वर्षांनीही येऊ शकते, हे खोटं कशाला सांगू? एका खेपेत साक्ष होईलच असंही नाही. त्या दिवशीच्या खर्चापोटी भत्ता मागा, लाजू नका. आठवत नसेल तर कोर्टाच्या परवानगीनं पंचनामा वाचून आठवण ताजी करता येते. सरकारी वकील पार्सलवरचं लेबल दाखवून विचारतील, ही सही तुमचीच का? असेल तर ‘हो’ म्हणा. विचारलं तेवढंच सांगा, आठवत नाही ते आठवत नाही म्हणा. आरोपी ओळखीचा किंवा नात्यातला असेल, तर पंच व्हायच्या आधीच तसं सांगून मोकळे व्हा.

आणि वहिनींना माझा नमस्कार सांगा. बाईची अंगझडती असली की आम्ही पंचही बाईच शोधायचो. अख्ख्या चाळीत एकेक दार ठोठावावं लागायचं आणि ‘मालक घरी नाहीत’ म्हणून दारं बंद व्हायची. त्यांच्या दारावर कुणी आलं, तर त्यांनी निदान ऐकून घ्यावं.